गोष्टी कोण सांगणार?

आमच्या वाड्यावर एक परदेशी गृहस्थ गेली अकरा वर्षे राहतात. अर्धे जग फिरून इथे स्थिरावलेले. सकाळी पोदेराच्या भोंप्याची वाट पाहतात, मासळीवालीशी भावावरून हुज्जत घालतात. तरी वाड्यावर त्यांचे नाव 'तो गोरो'. आणि कोणी चिडलेला असला की 'भायलो'.

परवा कचेरीतून घरी येताना त्यांनी मला वाटेत थांबवले आणि मोडक्या कोकणीत विचारले, "बाब, शिमेवरच्या वडाखाली देवचाराला रोट आणि विडी ठेवतात, ती कशाला?" मी चटकन इंग्रजीत सांगून मोकळा झालो, की जुनी अंधश्रद्धा आहे, दुसरे काही नाही. ते 'थँक यू' म्हणून निघून गेले. मला मात्र रात्रभर चुटपुट लागून राहिली. कारण राखणदार रात्री शीम कशी फिरतो, त्याच्या काठीचा आवाज कसा येतो, हे आजीने मला मांडीवर घेऊन सांगितले होते. मग मी खोटे का बोललो?

अशा वेळी मला लाफ्काडिओ हर्न आठवतो. आई ग्रीक, वडील आयरिश. जन्म १८५० चा, ग्रीसमधल्या एका बेटावरचा. लहानपण डब्लिनला गेले, शाळेत असताना एक डोळा गेला, एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला रवानगी झाली. पुढे सिनसिनाटी आणि न्यू ऑर्लिन्स इथे वार्ताहराची नोकरी, मग मार्टिनिक बेट, आणि १८९० साली जपान. तिथे त्याला इंग्रजीच्या मास्तराची नोकरी मिळाली ती मात्सुए या गावात. आडवळणाचे जुने गाव. रेल्वे पोचलेली नव्हती. डोंगर ओलांडून माणसाने ओढायच्या रिक्षातून जावे लागले. गोरा माणूस तिथे नवलाचाच.

गावाने सुरुवातीलाच त्याचे नाव चुकीचे वाचले आणि हर्नचा 'हेरुन' झाला. त्याने ते आनंदाने चालवून घेतले. सकाळी भात कांडण्याच्या आवाजाने जाग येते, असे त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या आज्यांना हे वेगळे सांगायला नको! पुढे सेत्सु नावाची, गरिबीत आलेल्या सामुराई घराण्यातली बाई त्याच्या घरी कामाला आली, आणि दोघांचा संसार सुरू झाला. तिला इंग्रजी येत नव्हते, त्याला जपानी धड येत नव्हते. दोघांनी मिळून आपली एक मोडकीतोडकी भाषा तयार केली. त्या भाषेत ती त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगे. पुस्तक पाहून सांगायचे नाही, तुझ्या शब्दांत सांग, असा त्याचा हट्ट असे.

आता गंमत पाहा. तो मेइजी काळ. शिकलेल्या जपानी मंडळींना तेव्हा पाश्चात्त्य सुधारणेची घाई झाली होती आणि जुन्या गोष्टींची लाज वाटू लागली होती. त्याच गोष्टी हर्नने १९०४ साली 'क्वाइदान' या पुस्तकात छापल्या. आज जपानी मुले त्या शाळेत वाचतात.

हर्न मात्सुएत राहिला किती? जेमतेम पंधरा महिने. तिथली थंडी सोसेना म्हणून तो दक्षिणेकडे कुमामोतोला गेला. पुढे जपानवर वैतागून त्याने मित्रांना पत्रेही लिहिली. पण १८९६ साली तो जपानी नागरिक झाला तेव्हा आडनाव बायकोचे घेतले, कोइझुमी, आणि नाव घेतले याकुमो. हा शब्द मात्सुएच्या इझुमो प्रांताशी जोडलेला. मात्सुएनेही त्याचे खंदकाकाठचे घर अजून जपून ठेवले आहे.

तेव्हा गावात मुरायला वर्षे लागतात, हे काही मला पटत नाही. कोणीतरी बसून गोष्ट सांगणारा लागतो. आपल्याकडे घर घेऊन उंच कुंपण घालणारे, वर्षातले आठ महिने दार बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीचा राग मला समजतो, माझ्याही मनात तो आहे. पण जो आपण होऊन विचारतो, तोही आपल्या भाषेत, त्याला आपण इंग्रजीत उत्तर देतो आणि वर त्याला सौजन्य म्हणतो. ते सौजन्य नव्हे. दार लावून घेण्याची ती सभ्य रीत आहे. आणि दाराआड आपण लपवतो काय, तर आपलीच आजी.

येत्या रविवारी त्यांना चहाला बोलावले आहे. फक्त एक अडचण आहे. आजीची गोष्ट मला अर्धीच आठवते. उरलेली आईला विचारावी लागेल. तिलाही ती विचारून कोणाला किती वर्षे झाली असतील, देव जाणे.