‘नीट’ कशास म्हणावें ?

मराठी ‘नीट’ हा इंग्रजी ‘नीट’चाच अवतार होय, अशी समजूत सुशिक्षित मंडळींत अधूनमधून आढळते. आम्हांस ती भ्रामक वाटते. उच्चार जुळला म्हणून कूळ जुळत नाहीं. इंग्रजी शब्दाच्या मुळाशीं लॅटिन ‘निटिडुस’, म्हणजे चकचकीत, हा शब्द आहे. आमच्या ‘नीट’चा जीव चकाकींत नसून सरळपणांत आहे. पैनगंगेकाठच्या देऊळघाटीं काय किंवा वऱ्हाडांत अन्यत्र काय, तिफण नीट धरावी लागते, दुखणाईत माणूस नीट होतो, आणि वाकडें बोलणाऱ्यास ‘नीट बोल’ म्हणून बजावतात. कपड्याची घडीहि नीट असावी, हें खरें. पण नीटपणा घडीपाशींच संपतो काय? बाह्य व्यवस्थितपणास ‘टापटीप’ हा शब्द आहेच. ‘नीट’लाहि आपण तेवढ्याच अर्थांत कोंडलें, कीं धुळीनें माखलेला चोख व्यवहाराचा शेतकरी गबाळा ठरतो, आणि खोट्या हिशेबाची वही सुबक अक्षरामुळें नीट ठरते ! शब्द आकसला कीं न्यायबुद्धीहि आकसते. तेव्हां मुलांस ‘नीट राहा’ असें सांगणाऱ्या आईबापांनीं आपण पोशाखाविषयीं बोलतों कीं वर्तनाविषयीं, हें आधीं ठरवावें.