पोराच्या हातातले कॉमिक

आपल्या ठाणे-कल्याणकडच्या घरांत पोर कॉमिक घेऊन बसले, की आईबाप ओरडतात. ओरडण्याआधी आत काय आहे ते पाहावे.

मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही आली. त्यांत फ्लॅश गॉर्डनच्या अंतराळातील लढाया असत. याच फ्लॅश गॉर्डनवर जॉर्ज ल्यूकसला चित्रपट काढायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने स्वतःची कथा रचली, ती ‘स्टार वॉर्स’. १९७७ साली चित्रपट पडद्यावर येण्याआधीच अमेरिकेच्या मार्व्हल कंपनीने तिचे कॉमिक बाजारात आणले. १९८६ पर्यंत त्याचे १०७ अंक निघाले.

नायक ल्यूक हा शेतकरी काका-काकूंनी वाढवलेला पोरगा. तो शिकतो, सराव करतो, जुलमी साम्राज्याशी लढतो. १९८० च्या दुसऱ्या चित्रपटात कळते, की साम्राज्याचा क्रूर सरदार डार्थ व्हेडर हाच त्याचा बाप! १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात सम्राट त्याला आपल्याकडे ओढू पाहतो. ल्यूक साफ नकार देतो. हे दोन्ही चित्रपट कॉमिकमध्येही आले.

एक गोष्ट मात्र खटकते. ल्यूकची अद्भुत शक्ती बापाकडूनच आलेली दाखवली आहे. म्हणजे पुन्हा घराणेच!

तेव्हा कॉमिक हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा, “बाळ, ल्यूक मोठा कशाने झाला? रक्ताने, की त्या नकाराने?” उत्तर त्याचे त्याला शोधू द्या.