सावलीचा कंदील
आकाशकंदील म्हटला की आपण रंग आणि उजेड बघतो. गेल्या दिवाळीत मी सावलीपासून सुरुवात केली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पांढरा पतंगाचा कागद, आणि आत काळ्या कार्डशीटचा कातरलेला मोर दोऱ्याने टांगलेला. पहिल्या रात्री मोर दिसलाच नाही, नुसता धूसर डाग. चूक दिव्याची होती. दुधी रंगाचा मोठा बल्ब चहूअंगांनी उजेड सांडतो आणि सावलीची कड पुसून टाकतो. त्याच्या जागी एका ठिपक्याएवढा एलईडी लावला, तशी पिसांची रेघन् रेघ उमटली. मोर दिव्याजवळ नेला की सावली थोराड होते, कागदाजवळ आणला की लहान पण रेखीव. जुन्या फिरत्या कंदिलात ज्योतीने तापलेली हवा वर चढून कागदी चक्री फिरवायची. एवढासा एलईडी तेवढा तापत नाही, म्हणून आमचा मोर गिरक्या घेत नाही, वाऱ्याच्या झुळकीवर नुसता डुलतो. तेवढंही पुरे आहे. यंदा कंदील घरी करणार असाल तर कागदाचा रंग मागाहून ठरवा, आधी दिवा निवडा.