घाट चढण्याआधी

आपल्या सीमाभागात कुणी भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. मराठीत 'जेवण झालं का?' आणि कानडीत 'ऊटा आयता?' माझी अक्का लग्न होऊन निपाणीहून थेट मध्य प्रदेशात गेली, पांढुर्ण्यासमोर जाम नदीच्या पलीकडे असलेल्या सावरगावात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीमुळे या गावाचं नाव काहींनी ऐकलं असेल. तिथंही आपल्यासारखंच आहे, घरात मराठी आणि कचेरीत दुसरी भाषा, फक्त कानडीऐवजी हिंदी. इतकी वर्षं झाली तरी फोनवर अक्काचा पहिला शब्द 'ऊटा आयता?' हाच असतो.

जुलै २०२३ मध्ये मी तिच्याकडे गेलो होतो. खरं काम वेगळंच होतं. भाच्यानं दहावीनंतर सायकल शर्यतींचा ध्यास घेतला होता आणि दाजींना तो पटत नव्हता. "तुम्ही सायकल चालवलेली आहे, तुम्हीच सांगा, पोराचं काय होईन?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं होतं. भाच्याचे काटकुळे पाय पाहून मी मनात उत्तर तयारच ठेवलं होतं. नको म्हणून सांगायचं.

१९ जुलैच्या संध्याकाळी आम्ही दोघं मोबाईलवर टूर द फ्रान्स बघायला बसलो. ही तीन आठवड्यांची शर्यत. रोजचा वेळ बेरजेत धरतात आणि ज्याचा एकूण वेळ सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. दोन दिवसांपूर्वी डेन्मार्कचा विंगेगार्ड आणि स्लोव्हेनियाचा पोगाचार यांच्यात फक्त दहा सेकंदांचं अंतर होतं. आदल्या दिवशी विंगेगार्डनं ते १ मिनिट ४८ सेकंदांवर नेलं होतं. आज मोठा डोंगराचा दिवस होता. १६५ किलोमीटरची वाट, चढ सगळे मिळून पाच हजार मीटरच्या वर आणि शेवटी २३०४ मीटर उंचीचा कोल द ला लोझ हा घाट.

"पोगाचार आज हल्ला करणार," मी म्हणालो. "त्याचे पाय बघ."

"मामाजी, तो आज टिकत नाही," भाचा म्हणाला.

त्यानं कारणं बोटांवर मोजली. २०२२ मध्ये विंगेगार्ड आणि त्याचा साथीदार रॉग्लिच यांनी आळीपाळीनं हल्ले केले. पोगाचार प्रत्येकाच्या मागे धावला आणि मग ग्रानोंच्या घाटात पावणेतीन मिनिटांहून जास्त मागे पडला. तोही लांब आणि उंच घाट होता. एप्रिल २०२३ मध्ये पडून त्याचं मनगट मोडलं, त्यामुळे ऐन सरावाचे दिवस गेले. म्हणजे तिसऱ्या आठवड्यात अंगातली शिल्लक कमी असणार. "पाय सगळ्यांचेच चांगले असतात, मामाजी. घाटाआधी काय झालं ते बघायचं."

मी हसलो, पण मला माझीच शर्यत आठवली. तरुणपणी एकदाच मी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरलो होतो. बोरघाटात जो पहिला वर पोचतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. खोपोलीपासून मी जीव तोडून चढलो आणि खंडाळ्याला पहिल्या घोळक्यात होतो. रस्त्याकडेचे लोक ओरडत होते. पण घाट संपला म्हणजे शर्यत संपत नाही, पुढं पुण्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरचा रस्ता असतो. तिथं समोरचा वारा एकट्यानं कापावा लागतो आणि मागचा घोळका आळीपाळीनं पुढं येत तो वाटून घेतो. मी चढाच्या नादात काही खाल्लंच नव्हतं. कामशेतच्या पुढं पाय असे गेले की पेडल आपले नाहीतच असं वाटलं. खंडाळ्यात माझ्यावर पैज लावणारा नक्की हरला असता.

इकडे पोगाचार सुरुवातीच्या टप्प्यातच एकदा पडला होता. लोझच्या चढावर तो मागं राहू लागला आणि आपण संपलो असं त्यानं रेडिओवर संघाला कळवलं. साथीदार मार्क सोलर त्याच्यासोबत थांबला. खूप खाल्लं होतं, पण ते पायांत उतरलंच नाही, असं तो नंतर म्हणाला. दिवस जिंकला ऑस्ट्रियाच्या फेलिक्स गालनं. विंगेगार्डपेक्षा पोगाचारला ५ मिनिटं ४५ सेकंद जास्त लागली. भाच्याचा अंदाज खरा ठरला होता.

तो नाचला मात्र नाही. हळूच म्हणाला, "सोलर थांबला म्हणून तरी बरं." आणि त्या हरलेल्या पोगाचारनं पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, टूर जिंकून दाखवली. तो अंदाज आम्हा दोघांनाही त्या रात्री बांधता आला नसता.

सकाळी दाजींनी चहाबरोबर विचारलं, "मग? काय होईन?" मी खरं ते सांगितलं, "दाजी, मला माहीत नाही. काल रात्री याच्यापुढं माझाच अंदाज चुकला. चढ कसा निघेल ते मला सांगता येत नाही, पण चढाआधी काय लागतं ते माहीत आहे. पोटाला वेळेवर, झोपेला पुरेसं आणि सोबत कुणीतरी. दोन वर्षं माझ्याकडे पाठवा."

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. अक्का आत गेली आणि त्याची बॅग काढू लागली.

दोन वर्षं तो माझ्याकडे राहून निपाणीत शिकला. पहाटे तवंदी घाट चढायचा, मी मागून मोपेडवर केळी घेऊन. विजापूर-बागलकोटकडची सायकलपटू मुलं ओळखीची झाली आणि त्यांच्यात राहून तो कानडी शिकला. काही शर्यतींत आला, पुष्कळ शर्यतींत मागं राहिला. बारावी मात्र नीट पास झाला. आता तो पुण्यात शिकतो आणि सायकल सोडलेली नाही.

तुमच्याही घरात असं एखादं पोर असेल. पायथ्याशी उभं राहून त्याचे पाय बघून निकाल देऊ नका, एवढंच माझं सांगणं. मी तो देणारच होतो.

परवा दाजींचा फोन आला, "आता पुढं काय होईन?" मी म्हटलं, "मला नका विचारू, त्यालाच फोन करा." ते म्हणाले, "केला होता. आधी त्यानंच मला विचारलं, ऊटा आयता?"