करंगळीएवढ्या माशाची जबाबदारी

ईदीचे पैसे हातात आले की मुलांच्या मागण्यांची यादी तयारच असते. कुठे सायकल, कुठे मोबाइल, तर एखाद्या घरात खाऱ्या पाण्याचा फिशटँक. "अब्बा, छोटासाच घेऊ, मासेही छोटेच ठेवू," असा मुलांचा युक्तिवाद असतो. छोटे म्हणजे सोपे, असे आई-वडिलांनाही वाटते. या महिन्यात आम्हाला नेमके याच समजुतीबद्दल बोलायचे आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत छोटे म्हणजे अधिक नाजूक.

छोट्या टाकीसाठी बहुतेक वेळा गोबी हा मासा सुचवला जातो. समुद्रातल्या प्रवाळांच्या खाचाखोचांत राहणारा हा मासा करंगळीएवढा, कधी त्याहूनही लहान. बहुतेक गोबींचे पोटाखालचे पर जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्यांच्या आधाराने तो दगडाला चिकटून बसतो आणि टपोऱ्या डोळ्यांनी इकडेतिकडे पाहत राहतो. निऑन गोबी काळा, अंगभर निळी रेघ असलेला. मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणे हा त्याचा समुद्रातला उद्योग. काही गोबी कोळंबीसारख्या एका जीवाबरोबर बिळात राहतात. कोळंबीची नजर कमजोर. ती वाळू उपसून बीळ नीट ठेवते आणि एक मिशी माशाच्या अंगाला लावून असते. मासा दारात पहारा देतो. धोका दिसला की तो शेपटी हलवतो आणि दोघेही आत. शेजारधर्म मुलांना समजावायला याहून सोपे उदाहरण नाही.

आता टाकीकडे वळू. चाळीस लिटरच्या टाकीत सुमारे १४०० ग्रॅम समुद्री मीठ लागते, म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास. हे मत्स्यालयासाठी तयार केलेले मीठ असते, स्वयंपाकघरातले चालत नाही. पाणी आरओचे घ्यावे. खारेपणा मोजायचे साधन मिळते, त्यावर आकडा १.०२५ च्या आसपास असावा. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागे राहते. म्हणून कमी झालेले पाणी भरताना साधे आरओचे पाणी घालायचे, खारे नाही. छोट्या टाकीत दोन दिवस हे राहिले तरी खारेपणा वाढतो. तापमान २४ ते २७ अंश ठेवावे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात त्यासाठी पंखा तरी लावावाच लागतो. वीज जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवा.

सर्वात अवघड भाग मात्र यंत्रांचा नाही, सब्राचा आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला सहसा चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत टाकीत मासा सोडू नये. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच दुकानात जावे. आज टाकी आणि आजच मासे, ही घाई त्या मुक्या जिवांच्या प्राणांवर बेतते.

दुकानात गेल्यावर एक प्रश्न जरूर विचारावा: हा मासा समुद्रातून पकडलेला की टाकीत वाढवलेला? काही देशांत शोभेचे मासे पकडायला सायनाइड वापरले जाते, त्याने प्रवाळही मरतात. निऑन गोबीची पैदास टाकीत होते, म्हणून तसाच मागावा. टाकीत दगड मांडतानाही जपावे. आपल्या समुद्रातल्या कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते उचलून आणू नयेत.

मासा आला की कामे मुलांना वाटून द्यावीत. खाद्य चिमूटभर, दिवसातून दोनदा, आणि तेही एकाच्याच हातून. आलेल्या पाहुण्यांच्या मुलांनी मूठभर टाकले तर पाणी नासते. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे, हे नवे पाणी मात्र आधी मीठ मिसळून तयार केलेले असावे. गोबी उडी मारतो, म्हणून वर जाळीचे झाकण हवेच.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी. निऑन गोबीचे आयुष्य एक-दोन वर्षांचेच असते. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांतला एक चिमुकला गोबी तर जास्तीत जास्त ५९ दिवस जगतो, असे २००५ मध्ये संशोधकांनी नोंदवले. मासा गेला की मूल रडेल. त्याला "दुसरा आणू" म्हणून गप्प करू नये. सहा आठवडे वाट पाहून, रोज पाणी भरून त्याने ती अमानत सांभाळली असेल, तर त्या रडण्यालाही अर्थ आहे.

आणि एवढा वेळ घरात कोणाकडेच नसेल तर? मग टाकी घेऊ नये, यात कमीपणा नाही. ओहोटीच्या वेळी मुलांना खाडीकाठी न्यावे. कांदळवनाच्या चिखलात उड्या मारणारी निवटी ही गोबीच्याच भावकीतली. ती पाहायला ना मीठ लागते, ना ईदी.