भाषा घरट्यात वाढते, पडद्यावर नव्हे

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘ड्युओलिंगो’वर हवाईयन भाषेचा अभ्यासक्रम सुरू झाला. आता जगाच्या पाठीवर कोणीही भ्रमणध्वनीवर बोट फिरवून ‘अलोहा’च्या पुढचे चार शब्द शिकू शकतो. मरणपंथाला लागलेली भाषा तंत्रज्ञान वाचवते, असा एक सोयीस्कर समज अशा अभ्यासक्रमांमुळे रुजतो आहे. हा समज खोटा आहे आणि घातकही.

हवाई बेटांवर १८२० साली बॉस्टनचे ख्रिस्ती मिशनरी उतरले. त्यांनी तेथील भाषेला रोमन लिपी दिली, छापखाना आणला, हे मान्य केले पाहिजे. स्थानिकांनी ती विद्या झपाट्याने आत्मसात केली आणि १८३४ ते १९४८ या काळात हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास वृत्तपत्रे निघाली. परंतु १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करणाऱ्यांत याच मिशनऱ्यांचे वंशज अग्रभागी होते. १८९६ साली शाळांचे माध्यम इंग्रजी करणारा कायदा आला. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. खरा घाव मात्र घरात बसला. मार खाल्लेल्या पिढीने आपल्या लेकरांशी ही भाषा बोलणेच सोडले!

१९७८ साली हवाईयनला राजभाषेचा दर्जा मिळाला. पण राजमान्यतेने ओठांवर शब्द येत नाहीत. १९८३ साली काही शिक्षकांनी ‘आहा पूनाना लेओ’ ही संस्था काढली आणि १९८४ साली काउआई बेटावरील केकाहा येथे पहिली बालवाडी उघडली. ‘पूनाना लेओ’ म्हणजे आवाजांचे घरटे. तेथे बालकांशी केवळ हवाईयन बोलायचे, पालकांनीही ती शिकायची आणि बालवाडीच्या कामाला हातभार लावायचा, असा दंडक. कायदा आड येत होता, तो १९८६ साली बदलून घेतला. १९८७ पासून सरकारी शाळांत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले आणि १९९९ साली त्या माध्यमात शिकलेली पहिली तुकडी शालान्त झाली.

ऑनलाइन अभ्यासक्रम हे या तपश्चर्येचे फळ आहे, मूळ नव्हे. त्याची थोरवी नाकारण्याचे कारण नाही. २०२० च्या जनगणनेनुसार निम्म्याहून अधिक मूळ हवाईयन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. त्यांच्यासाठी हा मायभूमीकडे उघडणारा दरवाजा आहे. पण दरवाजा म्हणजे घर नव्हे. पडदा गुण देतो, आजीसारखा रागावत नाही की अंगाई गात नाही.

आणि आपण? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. मुलाला मात्र इंग्रजी माध्यमात घातले, घरातही त्याच्याशी इंग्रजीतच बोलू लागलो आणि पुढे नातवाला मराठी येत नाही म्हणून शनिवारचा ऑनलाइन वर्ग शोधू लागलो. हवाईयनांच्या पाठीवर छडी होती. आपल्या पाठीवर कोणाची होती? त्यांनी लादलेले जोखड फेकले, आपण ते हौसेने मानेवर घेतले.

संस्कार आयात करता येत नाहीत. भाषाही नाही. तिचा पहिला वर्ग आज रात्री आपल्याच पंगतीत भरू द्या. शुल्क काही नाही, केवळ निश्चय हवा.