टाको चालतो, माणूस चालत नाही

हॉटेलात टाको खाणाऱ्या दोस्तांनो, खा. पोटभर खा. मक्याची दुमडून तळलेली भाकरी, आत खिमा, वर टोमॅटो, चिरलेला लेट्यूस, किसलेलं चीज. बाहेर पाटी ‘स्ट्रीट फूड’ची. पण रस्ता कुठला, वस्ती कुणाची, हे मेनूकार्डावर छापत नाहीत. ते आपण विचारायचं.

मका मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांनी हजारो वर्षं खपून एका रानगवतातून घडवला. चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून भाकरी थापायची रीतही त्यांचीच. 1521 साली स्पॅनिश तलवारीनं त्यांची राजधानी पाडली. मग गहू वरचा झाला नि मका खालचा. 1899 साली फ्रान्सिस्को बुल्नेस या मेक्सिकन राजकारण्यानं पुस्तकच लिहिलं: गहू खाणारे तेवढे प्रगतीचे, मकावाले मागेच राहणार. म्हणजे जमीनदार सुटला, भाकरी गुन्हेगार ठरली! मनू काय एकाच देशात जन्मतो?

आता कॅलिफोर्नियातलं सान बर्नार्डिनो बघा. मेक्सिकन वस्तीत 1937 पासून मितला कॅफे चालू आहे. समोर ग्लेन बेल या गोऱ्याचा हॅम्बर्गरचा ठेला होता. मितलाचा टाको कसा खपतो हे त्यानं रोज बघितलं. तिथंच बसून खाल्लं, तिथल्याच लोकांकडून कृती शिकला. 1962 साली त्याची ‘टाको बेल’ निघाली. 1978 साली ती पेप्सिकोनं विकत घेतली. कंपनी जगभर पसरली. मितला आहे तिथंच आहे.

आणि याच गावात मेक्सिकन पोरांना सार्वजनिक पोहण्याच्या तलावात उतरू देत नव्हते. कर सगळ्यांचा, पाणी गोऱ्यांचं! वस्तीतली माणसं मितलात बसून लढ्याची आखणी करत. संपादक इग्नासिओ लोपेझ नि त्यांचे साथी कोर्टात गेले. 1944 साली निकाल लागला, ही बंदी घटनेविरुद्ध आहे. 1927 चं महाड ज्यांच्या रक्तात आहे त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

पांढरपेशे म्हणतात, एकत्र खाल्लं की माणसं जवळ येतात. येतात ना, ताटापुरती. पण तलाव टाको खाऊन उघडला नाही, तो भांडून उघडावा लागला. 2010 साली युनेस्कोनं मेक्सिकन स्वयंपाक मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवला. 2024 साली मेक्सिको सिटीतल्या एका एवढ्याशा टाकोच्या दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला. चांगलं झालं. बुल्नेसच्या तोंडावर ही चपराकच. पण पदार्थाला मान मिळाला म्हणून तो रांधणाऱ्या जातीला, वंशाला मिळाला असं समजू नका. चव उचलायला कुणालाच विटाळ होत नाही. हक्क द्यायची वेळ आली की होतो.

तेव्हा खाताना आतल्या भटारखान्याकडंही बघा. तव्यापाशी कोण उभा आहे, त्याला पगार किती, तो तुमच्या शेजारच्या टेबलावर बसू शकतो का? हे न विचारता नुसती ढेकर देणारा गिऱ्हाईक असतो. आपल्याला गिऱ्हाईक व्हायचं नाही.